कापडात माया असते

देवळाली कॅम्पात लॅम रोडला लागून असलेल्या एका गल्लीत आमचं घर होतं आणि घराच्या पुढच्या खोलीत वडिलांचं शिवणाचं दुकान. दोन पायमशिनं, एक कापायचं टेबल, भिंतीला उभा आरसा आणि खिळ्याला सुतळीनं टांगलेली मापांची वही, एवढंच दुकान. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो, गिऱ्हाइकं मास्टरजी म्हणायची. गिऱ्हाईक बहुतेक फौजी. तोफखान्याचं स्कूल इथंच, त्यामुळे कोर्ससाठी वर्षभर नवे अधिकारी यायचे, जुने जायचे. २८ सप्टेंबर जवळ आला की आईलाही काज-बटणाला बसावं लागायचं आणि दुकानातला दिवा रात्री बारापर्यंत चालायचा. १८२७ साली त्या तारखेला बॉम्बे माउंटन बॅटरी उभी राहिली, म्हणून तोफखान्याची माणसं तो दिवस गनर्स डे म्हणून पाळतात, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा फक्त मेस ड्रेसची घाई कळायची.

रेंजवर फायरिंग सुरू झालं की आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची. अण्णा मोठी कात्री हातात घेऊन कापड कापत असले, तर आवाज विरेपर्यंत कात्री उचलून धरायचे. मग पुढे कापायचे. या सवयीबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. मला ती गंमत वाटायची.

शिवणीच्या आत अर्धा-पाऊण इंच जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला माया म्हणतात. गिऱ्हाईक सुटलं, माप जरा चुकलं, तर उसवून सोडायला ती उपयोगी पडते. अण्णांचं म्हणणं, शिंप्याची अक्कल कापण्यात कळत नाही, माया किती सोडली त्यात कळते. पण १९८४ साली, मी नववीत असताना, त्यांच्या हातून एका मेजरसाहेबांच्या कोटाची बाही दोन इंच आखूड कापली गेली. वहीतल्या शेजारच्या पानावरचं माप पाहिलं होतं. दोन इंचांना पुरेल एवढी माया कुणीच सोडत नाही. ट्रायलला अजून दोन दिवस होते. अण्णांनी त्याच दुपारी सायकल काढली, मला मागे बसवलं, कापलेलं कापड माझ्या मांडीवर दिलं आणि मेसच्या व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. साहेब बाहेर आले तेव्हा अण्णांनी आधी बाही दाखवली आणि मग नमस्कार केला. साहेब चांगलेच तापले. मी खाली मान घालून फरशी बघत होतो. आपण होऊन शिव्या खायला कशाला यायचं, हे मला कळेना. परतताना मी ठरवलं, शिंपी व्हायचं नाही.

नाशिकरोड-देवळालीच्या पट्ट्यात मुलगा कुठं लागला, या प्रश्नाच्या उत्तरांना एक उतरंड होती. सगळ्यात वर प्रेस, म्हणजे १९२५ पासूनची सिक्युरिटी प्रेस आणि नोटांची प्रेस. मग ओझरचं एच.ए.एल., एकलहऱ्याचं वीज केंद्र, रेल्वेचं ट्रॅक्शन वर्कशॉप. मग सातपूरच्या मायको, महिंद्र वगैरे. आमच्यासारख्यांना यांपैकी कुठल्याही दाराशी जायचं तर रस्ता आयटीआयमधून. १९८६ च्या ऑगस्टात सातपूरच्या सरकारी आयटीआयत फिटरला माझा नंबर लागला. ट्रेड दोन वर्षांचा. कारागीर प्रशिक्षणाची ही योजना १९५० ची, त्यामुळे त्या वेळीही ती माझ्यापेक्षा बरीच वडीलधारी होती.

भगूरहून येणारी शहर बस पहाटे कॅम्पात पकडायची, नाशिकरोडला बदलायची, सीबीएसला उतरून पुन्हा सातपूरची बस. दोन वर्षांत एवढ्या बस पकडल्या की वेळेवर पोचणं हे वेगळं कौशल्य म्हणून शिकायचं असतं, असं मनातही आलं नाही. ते बसनेच शिकवलं.

पहिले तीन आठवडे मी लोखंडाचा एकच तुकडा घासला. हातात कानस, पुढे व्हाइसमध्ये पकडलेला जॉब. चारही कडा सरळ आणि एकमेकींना काटकोनात आणायच्या. डावा पाय पुढे, कोपर अंगाला, कानस पुढे जाताना दाब, मागे येताना सोडायचा. तळहाताला फोड आले, फुटले, परत आले. आमचे निदेशक सर उंचीने लहान होते आणि बोलायचे त्याहून कमी. जॉब नेऊन दिला की गुण्या त्याच्या कडेला लावायचे, दोन्ही खिडकीसमोर धरायचे आणि एकच वाक्य बोलायचे. "उजेड दिसतोय." म्हणजे गुण्या आणि जॉब यांच्या मधून प्रकाश येतोय, कड सरळ नाही. जा, परत घास. किती घास, कुठे घास, हे सांगायचे नाहीत. सुरुवातीला मला तो छळ वाटला. महिन्याभराने मी सरांकडे जायच्या आधी स्वतःच खिडकीशी जाऊ लागलो.

हत्यारं घ्यायला प्रत्येकाला पाच पितळी बिल्ले होते, त्यावर आपापला नंबर. ट्राय स्क्वेअर हवा, एक बिल्ला द्या. व्हर्निअर हवा, दुसरा. संध्याकाळी हत्यार पुसून, तेलाचं बोट फिरवून परत दिलं की बिल्ला परत. खिडकीतला माणूस हत्यार डोळ्याजवळ नेऊन बघायचा आणि मगच बिल्ला टेबलावर टाकायचा. तो टण् असा आवाज आला की दिवस संपला.

आणखी एक सांगायला हवं, कारण पुढचं त्याच्यावर उभं आहे. जॉबला मार्क असायचे. माप खाली गेलं की मार्क गेले. म्हणून बिघडलेला जॉब मी दोनदा गुपचूप भंगाराच्या पेटीत टाकला आणि नवा तुकडा मिळवून पहिल्यापासून घासला. सर म्हणायचे, बिघडला तर मला दाखवा, का बिघडला ते बघू. मी दाखवला नाही. फिटिंग मी आयटीआयत शिकलो. लपवायचं कसं, ते माझं मीच शिकलो.

१९८८ ला पास झालो. अप्रेंटिस कायदा १९६१ चा. त्यात दोन वर्षं आयटीआय केलेल्या फिटरला कारखान्यात एकच वर्ष उमेदवारी करावी लागते. नाशिकच्याच एका कारखान्यात मी लागलो. नाव नको, कारण दोष माझा आहे आणि त्या कारखान्याचं मी मीठ खाल्लंय. तिथे असेंब्लीच्या शेजारी आमचं बेंच होतं. बेंचवरचे चार्जहँड सिन्नरकडचे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, सगळे त्यांना काका म्हणायचे.

तिसऱ्या महिन्यात काकांनी मला छत्तीस चाव्या दिल्या. शाफ्टच्या खाचेत बसते ती चावी, कारखान्यात तिला 'की' म्हणतात. ग्राइंडिंगवरून त्या किंचित जास्तीच्या मापात यायच्या, स्मूथ कानशीने हलका हात मारून मायक्रोमीटरने मापात आणायच्या. काम नाजूक आणि कंटाळवाणं. मायक्रोमीटरच्या फिरत्या नळीवर पन्नास रेषा असतात. नळी एक फेरा फिरली की अर्धा मिलिमीटर, म्हणजे एक रेष मिलिमीटरचा शंभरावा भाग. माणसाचा केस पाच ते दहा रेषांएवढा जाड भरतो. इतकं बारीक बघणारं हत्यार. ते चहाच्या सुट्टीच्या जरा आधी माझ्या हातून सिमेंटच्या फरशीवर पडलं.

मी इकडेतिकडे पाहिलं. कुणी बघितलं नव्हतं. उचललं, पुसलं, फिरवून पाहिलं, नळी मऊ फिरत होती. आयटीआयत पहिल्या दिवशी शिकवतात की मापायच्या आधी मायक्रोमीटर बंद करून शून्य बघायचं. मी बघितलं नाही. विसरलो असं सांगायला आवडलं असतं. पण शून्य बघितलं असतं तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर सांगावं लागलं असतं.

छत्तीसच्या छत्तीस चाव्या मी त्याच मायक्रोमीटरने मापल्या. एकेक मापात. ट्रेमध्ये ओळीने लावल्या, वर तेलाचा कपडा झाकला. फार सुंदर दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी असेंब्लीवाला ट्रे घेऊन आला. चाव्या खाचेत डुलत होत्या. काकांनी काही न बोलता मायक्रोमीटर घेतला, त्याची दोन्ही तोंडं कागदाने पुसली, मागच्या रॅचेटने बंद केला आणि माझ्यासमोर धरला. शून्याच्या पुढे चार रेषा. तो प्रत्येक वस्तू चार रेषांनी मोठी दाखवत होता, आणि मी प्रत्येक चावी चार रेषांनी बारीक केली होती.

"हा कधी पडला?" काकांनी विचारलं. कुणी पाडला, असं नाही विचारलं.

"पडला नाही," मी म्हणालो.

ते पुढे गेले. जेवणाच्या सुट्टीत माझ्या घशाखाली घास जाईना, तेव्हा त्यांच्या डब्याशेजारी जाऊन बसलो आणि सांगितलं. काकांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "शून्य लावायला किती वेळ लागतो?" मला माहीत होतं. मायक्रोमीटरच्या डबीतच एक छोटा आकडीसारखा पाना असतो, तो बाहीच्या भोकात अडकवून बाही जराशी फिरवायची. "पाच मिनिटं," मी म्हटलं. "नाहीतर टूलरूमला धाडला असता, दुसरा दिला असता," काका म्हणाले, आणि जेवू लागले.

घरी येऊन मी अण्णांना सांगितलं. ते विचारात पडले. "तुमच्यात माया नसते का?" असते, मी म्हटलं, मशिनवरून येताना पाव-अर्धा मिलिमीटर जास्तीचं ठेवतात. पण मापाच्या खाली गेलं की संपलं, लोखंड उसवता येत नाही. अण्णांनी मान हलवली आणि विचारलं, "पैसे कापले?" नाही. "मग त्या काकांना बोल खावा लागला असेल," असं म्हणून ते मशिनवर बसले. काकांना काय ऐकावं लागलं, ते मी कधी विचारलं नाही. आजही ते मला टोचतं, चाव्यांपेक्षा जास्त.

उमेदवारीची परीक्षा पास झालो, प्रमाणपत्र मिळालं, कायम काही केलं नाही. मग एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड आणि वाट बघणं. वाट बघण्यात आमच्या गावाचं नाव जगभर झालेलं आहे. इंग्रजांच्या काळात मुदत संपलेले गोरे सोल्जर मायदेशी जाणाऱ्या बोटीसाठी देवळालीच्या छावणीत येऊन थांबायचे. बोटी ठरावीक महिन्यांतच सुटायच्या. काम नाही, कवायत नाही, ऊन आहे. त्यात कितीकांची डोकी फिरली, आणि डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रजीत 'डूलाली' म्हणू लागले. हा शब्द देवळालीचाच. माझी बोट सात महिने आली नाही. सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसस्टँडवर जाऊन बसणारे आम्ही पाच-सहा आयटीआयवाले होतो. पोस्टमनची वेळ झाली की घरी.

शेवटी अंबडला एका शेडमध्ये लागलो, मालक धरून सात माणसं. तिथे जे शिकलो त्याला कुठलंही प्रमाणपत्र नाही. फोनवर गिऱ्हाइकाला "बघतो" न म्हणता "गुरुवारी चार वाजता" असं सांगायचं. चलनावर नग लिहिताना मोजून लिहायचे. टेम्पोवाल्याशी, वजनकाट्यावरच्या माणसाशी, बिल अडवणाऱ्या स्टोअरकीपरशी बोलताना तीन वेगळे आवाज लागतात, ते कमवायचे. मालक स्वतः डोक्याला रुमाल बांधून लेथवर उभा राहायचा आणि जॉब बिघडला की मोठ्याने ओरडायचा, "अरे माझ्याकडून गेला रे!" सगळ्यांना ऐकू जाईल असं. मालकच असं ओरडतो म्हटल्यावर आम्हालाही ओरडायला लाज वाटेना.

पुढची चोवीस वर्षं एका मोठ्या कंपनीत गेली, ती थोडक्यात सांगतो. तीन पाळ्या, कॅन्टीन, युनियन, दिवाळीचा बोनस. नव्वदच्या दशकात आयएसओ आलं, भिंतीभिंतीवर फाइव्ह एसचे फलक लागले, क्वालिटी सर्कलच्या बैठका सुरू झाल्या. जे करता ते लिहा आणि जे लिहिलंय तेच करा, असं आम्हाला शिकवायला पुण्याहून माणसं यायची. आमचे अण्णा मापांची वही लिहीतच होते, पण त्यांना कुणी प्रमाणपत्र दिलं नाही. मधल्या काळात मुक्त विद्यापीठाची बी.ए. केली. नाशिकला १९८९ साली हे विद्यापीठ निघालं, ते माझ्यासारख्या रात्रपाळीवाल्यांसाठीच निघालं असावं, अशी माझी समजूत आहे. २०१७ ला स्वेच्छानिवृत्ती घेतली.

वर्षभराने नाशिकरोड भागातल्या एका खासगी आयटीआयत तासिका तत्त्वावर शिकवायला जाऊ लागलो. फिटिंगचे तास मिळतील, अशा समजुतीने गेलो होतो. ते मिळाले, पण त्यांच्या बरोबर ई.एस.चे तासही गळ्यात पडले. ई.एस. म्हणजे एम्प्लॉयेबिलिटी स्किल्स, रोजगारक्षमता कौशल्यं. आमच्या वेळी त्या जागी सोशल स्टडीज होतं, त्यात मुलं झोपायची. २०१२ पासून आयटीआयच्या सगळ्या ट्रेडना हा नवा विषय आला. त्यात इंग्रजी, संगणक, संवादकौशल्य, उद्योजकता, उत्पादकता, सुरक्षितता, कामगार कायदे, गुणवत्ता असं सगळं. कल्पना उत्तम आहे. कारखानदारांची ओरडच ती होती की पोराला मशिन येतं, पण बोलता येत नाही, सांगता येत नाही, चार माणसांत वागता येत नाही. फक्त परीक्षा अ, ब, क, ड अशा पर्यायांची. मुलं गाइडमधून उत्तरं पाठ करतात. संवादातले अडथळे कोणते, याला चारही पर्याय घडाघडा सांगणारा मुलगा केबिनच्या दाराशी जाऊन "सर, आत येऊ का" म्हणताना घामाघूम होतो.

पहिली दोन वर्षं मी पुस्तकच शिकवलं. सांगायला संकोच वाटतो, पण स्वतःला काय येतं, ते शिकवायचं सुचायलाही वेळ लागतो. मग हळूहळू पुस्तक बाजूला ठेवून काही खेळ सुरू केले.

पहिला फोनचा. मी बाहेर जाऊन उभा राहायचो, मुलाने वर्गातून मला फोन लावायचा आणि आज येऊ शकत नाही, असं सांगायचं. वीसपैकी पंधरा मुलं थेट म्हणायची, "सर, आज्जी वारली." मेलेल्या आज्ज्यांची संख्या एवढी झाली की मी नियम केला, खरं कारण सांगायचं आणि उद्या किती वाजता येणार, तेही सांगायचं. एकाने सांगितलं, "सर, म्हशीला डॉक्टर येणार आहे, दहापर्यंत पोचतो." तो फोन मी सगळ्यांना स्पीकरवर ऐकवला. पोरं हसली, पण रजा अशी सांगतात, हे त्यांच्या लक्षात आलं.

दुसरा खेळ पाळी बदलण्याचा, आणि मला सगळ्यात आवडतो तो हाच. एकाने ड्रिल मशिनवर अर्धा तास काम करायचं, अर्धवट सोडायचं, वहीत पाच ओळी लिहायच्या आणि निघून जायचं. दुसऱ्याने येऊन फक्त त्या पाच ओळी वाचून काम पुरं करायचं. विचारायला माणूस नाही. पहिल्या वेळी एका मुलाने लिहिलं, "मशिन ठीक. थोडा आवाज येतो." दुसरा मुलगा पंधरा मिनिटं मशिनला कान लावून उभा. कसला आवाज, कधी येतो, बेल्टचा की बेअरिंगचा, की ड्रिल बोथट झाल्याचा? शेवटी चिडून त्याने वहीत लिहिलं, "मला पण आवाज येतो." पुढच्या आठवड्यात त्याच पहिल्या मुलाने लिहिलं की सहावं भोक पाडताना किरकिर आवाज आला, ड्रिल बदललं, जुनं ड्रिल लाल डबीत आहे, सात ते बारा भोकं बाकी. मी त्याला शंभर रुपयांचं बक्षीस दिलं. वहीतल्या पाच ओळी नीट लिहिता येणारा माणूस कारखान्यात किती दुर्मीळ असतो, हे मी चोवीस वर्षं पाहिलेलं होतं.

तिसरा खेळ मुलांना माहीत नसतो. मायक्रोमीटरच्या डब्या वाटताना एका डबीत मी चार रेषा सरकवलेला मायक्रोमीटर ठेवतो. चारच, त्या दिवसाच्या आठवणीने. मग काही न बोलता मापं घ्यायला सांगतो. पहिल्या वर्षी कुणी बोललं नाही. दुसऱ्या वर्षी एका मुलाला कळलं, त्याने हळूच शेजारच्याशी डबी बदलून घेतली! तिसऱ्या वर्षी शिंगवे बहुल्याची एक मुलगी हात वर करून उठली. "सर, हा शून्यावर नाही. चार पुढं आहे. मी पाडला नाही, पण लिहून घ्या." एवढं एका दमात. पूर्ण तुकडीत फिटरला मुली दोनच, त्यांतली ही. अंबडच्या एका कारखान्यात तिची मुलाखत झाली तेव्हा सगळं येत होतं, पण मुलीसाठी दुसऱ्या पाळीची सोय नाही, असं सांगून परत पाठवलं. दोन महिन्यांनी दुसरीकडे लागली, क्वालिटीत. आता मायक्रोमीटर तीच तपासते म्हणे.

हे इथवर बरं चाललं होतं. माझी गोष्ट, मायक्रोमीटरची आणि काकांची, मी दर वर्षी सांगायचो. पोरं शांत ऐकायची. २०२३ च्या पावसाळ्यात भगूरचा एक जुना विद्यार्थी दुपारी वर्गाच्या दाराशी येऊन उभा राहिला. ठेकेदारामार्फत एका ठिकाणी लागला होता. ड्रिल करताना त्याच्याकडून एका कास्टिंगचं भोक सरकलं. तो लगेच सुपरवायझरकडे गेला आणि सांगितलं. संध्याकाळी ठेकेदाराने त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. शेजारच्या मशिनवरच्या मुलाने त्याच आठवड्यात दोन नग बिघडवून भंगारात सरकवले होते, तो आजही कामावर आहे.

"सर, तुम्हीच सांगितलं होतं," तो म्हणाला. रागाने म्हणाला असता तर मला सोपं गेलं असतं. तो नुसता विचारत होता.

मला उत्तर आलं नाही. त्याला बाहेर चहाला नेलं. मी उमेदवार असलो तरी माझ्या पाठीशी काका होते. याच्या पाठीशी कुणीच नव्हतं, आणि ज्याच्यापाशी तो खरं बोलला त्याला खऱ्याचं काही पडलेलं नव्हतं. कुणापाशी बोलायचं, कोणत्या वेळी, साक्षीला कोण असताना, लेखी की तोंडी, हे माझ्या तासात कुठे होतं? त्या वर्षापासून गोष्ट सांगताना मी त्याचीही गोष्ट सांगतो, नाव न घेता. मुलं विचारतात, मग करायचं काय? मी सांगतो की नोकरी धरायच्या आधी तिथल्या दोन जुन्या माणसांना विचारा, इथे जॉब बिघडला तर काय करतात. उत्तरावरून जागा कळते. हे उत्तर पुरेसं नाही, ते मलाही समजतं. पोटाला हवी असलेली नोकरी अशी पारखून कोण घेतो?

त्या मुलाने नंतर वेल्डिंगचं काम धरलं, भगूरच्या बाजूला एक पत्र्याची शेड घेतली, ग्रिल आणि गेट करतो. गेल्या हिवाळ्यात आमच्या दुकानाच्या खिडकीचं ग्रिल गंजून गेलं होतं. अण्णा जाऊन नऊ वर्षं झाली, खोली बंदच असते. मशिनं विकली, आरसा आणि कापायचं टेबल तेवढं आहे. मी त्यालाच बोलावलं. त्याने टेप लावून मापं घेतली, खिशातल्या वहीत लिहिली, ॲडव्हान्स घेतला, बुधवारी देतो म्हणाला.

मंगळवारी रात्री नऊला फोन आला. "सर, एक चूक झाली. आडव्या पट्ट्या मी अर्धा इंच कमी कापल्या. मधे तुकडा टाकून जोडता येईल, पण टाका दिसेल. नव्या पट्ट्या घेतो, पैसे वाढणार नाहीत. बुधवारी नाही होणार, शुक्रवारी देतो."

मी म्हटलं, शुक्रवार चालेल.

ग्रिल आलं रविवारी. शुक्रवारी आणि शनिवारी त्याने दोन्ही दिवस सकाळी फोन करून का नाही येणार, ते सांगितलं. शनिवारी म्हशीला डॉक्टर येणार होता.